राखेने घासलेली काच

मित्रांनो, मला काही वाटत नाही, हे आधीच सांगून टाकते. मी काच आहे, एका जुन्या ट्रकची पुढची काच. माझ्यावर ऊन पडतं, पाऊस पडतो, कावळा घाण करून जातो. मी आपली पलीकडचं अलीकडे दाखवत राहते. माझ्याकडून रडण्याबिडण्याची अपेक्षा ठेवू नका.

वाळू वितळवून मला भट्टीत केलं म्हणतात. ते मला आठवत नाही. आठवतं ते पेणच्या खाडीकडचं एक अंगण आणि माझ्यावर हळदकुंकवाची बोटं ओढणारी मैना. ट्रक तिच्या नवऱ्याचा, धर्माचा. धर्माचे आईबाप मिठागरात मीठ ओढता ओढता म्हातारे झाले. त्या घरात मीठ डोक्यावरून न नेता गाडीतून नेणारा हा पहिलाच, त्यामुळे ऐट विचारू नका. पेणला मीठ भरायचं, थोडं माणगावच्या बाजारात उतरवायचं, उरलेलं दिघीला मासळीवाल्यांना पोचवायचं, असा आमचा फेरा होता.

“माझ्यापरीस त्या काचेकडंच जास्त बघता तुमी,” मैना चिडवायची.

“तिच्यातून रस्ता दिसतो. तुझ्यातून काय दिसंल?” धर्मा म्हणायचा, आणि दोघं हसायची.

मिठाची धूळ माझ्यावर रोज बसायची. ती काढायचं काम मैनाने आपणहून अंगावर घेतलं होतं. घरातली भांडी ती जशी घासायची तशीच मलाही घासायची, चुलीतली राख आणि नारळाची शेंडी घेऊन, खसाखसा. पाणी अगदी शेवटी. राखेत वाळूचे कण असायचेच. घासून झालं की मी ओली असेपर्यंत लख्ख दिसायची. मैना लांब उभी राहून बघायची आणि तिला बरं वाटायचं. मला दुखत नव्हतं. ओरखडे पडत होते एवढंच, केसाइतके बारीक, सगळीभर. दुपारी ते कुणाच्या नजरेला येत नसत. संध्याकाळी सूर्य समोर आला की मात्र एकूण एक ओरखडा चमकायला लागायचा आणि धर्माच्या डोळ्यांपुढे नुसता पांढरा पडदा उभा राहायचा.

एकदा माणगाव सोडून आम्ही दिघीच्या रस्त्याला लागलो होतो. सूर्य अगदी समोर. गवताचा भारा घेतलेली एक बाई, वेणूबाई तिचं नाव, रस्ता ओलांडत होती. धर्माला ती दिसलीच नाही. ती ओरडली म्हणून ब्रेक लागला. भारा रस्त्यात पडला, बाई कडेला मटकन बसली. लागलं कुणालाच नाही. धर्माने खाली उतरून भारा तिच्या डोक्यावर चढवून दिला. मग तो कॅबिनमध्ये येऊन बसला. सूर्य बुडेपर्यंत त्याने गाडी सुरू केली नाही.

घरी आल्यावर त्याने चावी मैनाच्या हातात ठेवली.

“माझं डोळं गेलं गो. उद्या माझ्या हातून माणूस मरंल.”

“डाक्टरला तरी दाखवा.”

“काय दाखवायचं? मला ठावं हाय.”

डॉक्टरही तेच म्हणाला तर, या भीतीने तो कधी गेलाच नाही. त्याचे डोळे धड होते. हे फक्त मला माहीत होतं, आणि मला तोंड नाही. वाईट वाटायला हवं होतं. तेही वाटलं नाही.

मग शेडमध्ये वर्षं गेली. कोंबड्यांनी टपावर अंडी घातली. मोठ्या वादळात शेडचे पत्रे उडाले. धर्मा पडवीत बसायचा तो ट्रककडे पाठ करून. मुलगा अल्पेश मोठा झाला, त्याने ट्रेलर घेतले. यंदा त्याने दिवेआगरला एका नारळाच्या वाडीत खाणावळ काढली आणि बापाचा ट्रक तिथे दारात उभा करायचं ठरवलं. इंजिन झालं, रंग झाला. काचेसाठी माणगावहून दिपेश नावाचा कारागीर पेणला आमच्या अंगणात आला.

दिपेशने आधी माझ्यावर भरपूर पाणी सोडलं. मग नख फिरवून पाहिलं.

“वायपरचा हा ओरखडा खोल आहे, नख अडकतंय. हा राहू दे. घासत बसलो तर खड्डा पडेल आणि रस्ता वाकडा दिसेल. हे बारीक सगळे जातील.”

“एवढे पडले कशाने?” अल्पेशने विचारलं.

“कुणीतरी राखेने घासलंय. अशा काचेतून उन्हाच्या समोर काय डोंबल दिसणार?”

मैना चहाचे कप घेऊन नुकतीच येत होती. तिने राखेचं तेवढं ऐकलं, पुढचं कपांच्या किणकिणाटात गेलं.

“मीच घासायची,” ती म्हणाली. “कसली चमकायची.”

धर्मा बाजूलाच उभा होता, त्याने सगळंच ऐकलं होतं. त्याने कप घेतला आणि माझ्याकडे बघत राहिला. चहावर साय धरली.

दिपेशने काच घासायची गुलाबीसर पूड पाण्यात कालवली आणि दाबलेल्या लोकरीची, नमद्याची चकती फिरवायला घेतली. थोडं घासायचं, पाणी मारायचं, मी तापले का ते हात लावून बघायचं. तापले तर तडकेन, म्हणून घाई नाही. संध्याकाळ झाली तेव्हा खोल ओरखडा तेवढा उरला होता.

“बाबा, चढा,” अल्पेश म्हणाला. “उद्या तुम्हीच चालवायची. मी बाजूला बसतो.”

धर्मा चढून बसला. सूर्य समोरच होता. खाडीपलीकडच्या बांधावर बगळे होते. धर्माचे ओठ हलत होते, तो बगळे मोजत होता.

“दिसतंय का वो आता?” खालून मैनाने विचारलं. तिने पदर कमरेला खोचला होता, आणि तिचा चेहरा आनंदाने फुलला होता.

धर्माने बगळ्यांवरची नजर काढून तिच्याकडे पाहिलं.

“न्हाय गो,” तो म्हणाला. “डोळंच गेल्यात. काच काय करील?”

त्याने खाली उतरून चावी अल्पेशला दिली. मैनाने पदराने डोळे पुसले आणि कप गोळा करून आत गेली.

मित्रांनो, काच कोरडी घासू नका. आधी पाणी सोडा, धूळ वाहून जाऊ द्या, मग मऊ फडक्याने हलकं पुसा. आणि दिसेनासं झालं तर घाबरून घरी बसू नका, डोळे दाखवून घ्या. एवढं माझं ऐका. मला त्यातून काही मिळायचं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर अल्पेशने गाडी दिवेआगरला काढली. धर्मा क्लिनरच्या जागी बसला. माणगाव मागे पडलं, ऊन समोरून आत आलं. अल्पेश खाणावळीचं काहीबाही सांगत होता.

“हळू घे,” धर्मा मध्येच म्हणाला. “त्या वडाखाली सायकल धरून म्हातारा उभा हाय. तो मधी येनार.”

अल्पेशला कुणी दिसेना. तरी त्याने पाय उचलला. वड बराच लांब होता. जवळ गेल्यावर सावलीतून खरंच एक म्हातारा सायकल ढकलत रस्त्यात आला. अल्पेशने गाडी थांबवली. म्हातारा निवांत पलीकडे गेला. अल्पेश बापाकडे बघतच राहिला.

“बाबा, तुम्हाला दिसतंय.”

धर्माने नजर रस्त्यावरच ठेवली.

“मग काल आईला तुम्ही—”

“तिला काय बोलायचं न्हाय,” धर्मा म्हणाला. “गाडी काढ. पुढं बघ.”