आईची बडबड

आपल्या शहरात किती तऱ्हेची माणसं राहतात, हे जाणून घ्यायचं असेल तर निवेदकाला विचारावं, असं लोक म्हणत. महापालिकेच्या सांस्कृतिक विभागातली नोकरी, भरदार आवाज आणि जिभेवर साखर! दरवर्षी शहराचा मोठा महोत्सव भरे. मैदानाच्या एका अंगाला निरनिराळ्या लोकांच्या खाण्याचे स्टॉल, दुसऱ्या अंगाला नाचगाणी आणि मधल्या मंचावर हा. डझनभर भाषांत नमस्कार करी, कुणाचा सण कधी असतो ते सांगे, शहर घडवणाऱ्या थोरांची नावं घेई. टाळ्यांचा पाऊस पडे. त्याचं खरं नाव आता ऑफिसातही कुणी घेत नसे. सगळ्यांचा तो निवेदकच.

त्या वर्षी तयारीची धांदल चालू असताना एक वयस्कर बाई त्याच्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. निवृत्त शिक्षिका होत्या. नदीपलीकडच्या खोऱ्यातून पूर्वी काही कुटुंबं शहरात आली होती, त्यांच्यातल्या.

“दहा मिनिटं द्या मंचावर,” बाई म्हणाल्या. “आमच्या चार-पाच म्हाताऱ्या जुनी गाणी म्हणतील.”

“बाई, तुमचे लोक उरलेत किती?”

“सगळे मिळून एका बसमध्ये मावू. तेही दोन सीट रिकाम्या ठेवून.”

निवेदक हसला. “मग ऐकायला कोण येणार? आणि कळणार कुणाला?”

“ज्या तलावाचं पाणी सगळं शहर पितं, तो बांधणारा इंजिनियर आमच्यातला होता. त्याचं नाव तुम्ही दरवर्षी घेता. तो ज्या भाषेत विचार करत होता, ती एकदा लोकांच्या कानावर पडू दे की!”

“पुढच्या वर्षी बघू,” निवेदक गोड आवाजात म्हणाला. नाही म्हणायची ही त्याची नेहमीची रीत. बाईंना ती कळली. त्या पदर सावरून निघून गेल्या.

एक गोष्ट त्यानं बाईंना सांगितली नाही. त्याची स्वतःची आईसुद्धा त्याच खोऱ्यातली होती! त्यानं ती मुद्दाम लपवली असंही नाही. त्या क्षणी त्याला ती आठवलीच नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हाच.

आई लग्न होऊन शहरात आली, सासरची भाषा शिकली आणि त्याच भाषेत तिनं संसार केला. बोलणं कमी. सुनेच्या मैत्रिणी म्हणत, “नशीबवान आहेस गं, तुझी सासू कधी जास्तीचा शब्द काढत नाही.” माहेरची आंबट पेज तिला फार आवडे. पण त्या पेजेचा वास जिन्यात पसरतो म्हणून शेजाऱ्यांनी एकदा नाकं मुरडली आणि तेव्हापासून ती पेज घरात शिजली नाही. माहेरचा सण आला की ती मनातल्या मनात साजरा करी आणि रोजच्यासारखी भांडी आवरी.

आणि एका सकाळी ओटा पुसता पुसता आई खाली कोसळली. अर्धांगाचा झटका होता. उजवी बाजू लुळी पडली, तोंड वाकडं झालं. दवाखान्यात दुसऱ्या दिवशी तिनं डोळे उघडले, तेव्हा घरच्यांना हायसं वाटलं. पण ती जे बोलू लागली, ते कुणालाच कळेना.

“बडबड आहे,” नर्स म्हणाली. “मेंदूला धक्का बसला की होतं असं.”

आई हातवारे करी, काहीतरी मागे. पाणी दिलं तर मान फिरवी, चादर घातली तर ढकलून देई. मग थकून रडे. शांत झोप लागावी म्हणून तिला इंजेक्शन देऊ लागले. आणि निवेदक खोलीत आला की ती ओठ घट्ट मिटून छताकडे बघत राही. आई आपल्याला ओळखतसुद्धा नाही, असं त्याला वाटे.

तिसऱ्या दिवशी बायको त्याला व्हरांड्यात घेऊन गेली.

“अहो, ही बडबड नाही.”

“म्हणजे?”

“आई स्वयंपाकघरात एकट्या असल्या की अश्शाच बोलायच्या. कढईशी, खिडकीतल्या चिमण्यांशी. मी आत पाऊल टाकलं की गप्प व्हायच्या. मला वाटायचं, वय झालं, पुटपुटत असतील. पण आवाज तेच आहेत हो. त्या त्यांच्या भाषेत बोलताहेत!”

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, “होऊ शकतं. कधी कधी नंतर शिकलेली भाषा पुसली जाते आणि लहानपणची तेवढी राहते. घरात कुणाला येत असेल तर बोला त्यांच्याशी.”

घरात कुणाला येत असेल तर! डझनभर भाषांत नमस्कार करणाऱ्या त्या माणसाला आईच्या भाषेतला एकही शब्द येत नव्हता.

तो थेट बाईंच्या घरी गेला. छोटीशी खोली, कुंडीत टवटवीत हिरवं रोपटं, खुर्चीवर विणकाम. त्यानं मान खाली घालून सगळं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं. चपला घालता घालता एवढंच म्हणाल्या, “म्हणजे आमच्या बसमधली एक सीट तुमच्याच घरात होती तर.”

दवाखान्यात बाई आईच्या खाटेशी बसल्या आणि हलकेच काहीतरी बोलल्या. आईचा चेहरा एखादी खिडकी उघडावी तसा उघडला! डाव्या हातानं तिनं बाईंचं मनगट पकडलं ते सोडेचना. शब्दांचा नुसता लोंढा. बाईंनी अर्थ सांगितला तेव्हा सूनबाईला कळलं, की सासूबाईंना मानेखालची उशी टोचत होती. तीन दिवस त्या एवढंच सांगत होत्या.

निवेदक औषधं घेऊन आत आला आणि आई पुन्हा गप्प झाली.

“बाई, ती मला ओळखत नाही का?” त्यानं विचारलं.

बाईंनी त्याला बाहेर नेलं. “ओळखतात. चांगलं ओळखतात. मला म्हणाल्या, मुलगा आला की मला खूण कर. त्याच्यासमोर मी हे बोलत नाही. त्याला चारचौघांत कमीपणा येतो.”

“मी... मी असं कधी म्हणालो?”

“शाळेत असताना. फाटकापाशी त्यांनी तुम्हाला त्यांच्या भाषेत हाक मारली. पोरं हसली. तुम्ही घरी येऊन म्हणालात, आई, माझ्या मित्रांसमोर तू तोंड उघडत जाऊ नकोस.”

त्याला काहीसुद्धा आठवत नव्हतं. लेकरू बोललं आणि विसरलं. आईनं मात्र तो शब्द जन्मभर पाळला!

“मी लहान होतो हो,” तो पुटपुटला.

“होतात ना. मुलांचा राग कोण धरतं? पण तुम्ही मोठे झालात, तेव्हा एकदा तरी विचारायचं होतं, आई, तू गप्प का असतेस? साहेब, तुम्ही आमच्या सगळ्यांचे कपडे, खाणं, गाणी मंचावर मांडता. लोक बघतात, चाखतात, घरी जातात. त्याला कोण वाईट म्हणेल? पण घरी जाऊन पुन्हा शेजारणीच्या स्वयंपाकाला नाकच मुरडायचं असेल, तर तो देखावा झाला. आदर म्हणजे समोरच्याला आपल्यासमोर न बिचकता बोलता येणं.”

त्यानं हातातली औषधं बाकावर ठेवली. मग म्हणाला, “बाई, मला एक वाक्य शिकवा. ‘आई, बोल. मी ऐकतोय.’”

व्हरांड्यात त्यानं ते वाक्य घोकलं. घशातून काढायचा एक आवाज त्याला काही केल्या जमेना. तरी तो आत गेला, खाटेशी गुडघे टेकून बसला आणि बोलला.

आई त्याच्याकडे बघत राहिली. मग तिच्या वाकड्या ओठांतून हसू फुटलं. तिनं त्याला न जमलेला तो शब्द म्हणून दाखवला, नीट, सावकाश, जसं लहान मुलाला शिकवतात. त्यानं म्हटला. चुकला. तिनं पुन्हा म्हटला. सूनबाई तोंडात पदराचा बोळा घालून दाराशी उभी होती.

महोत्सव त्याच आठवड्यात होता. निवेदक गेला नाही. दुसऱ्या कुणी सूत्रं सांभाळली. आता आई त्याच्यासमोर बोलू लागली होती. बाई असल्या की अर्थ सांगत. माहेरच्या ओढ्याचं, धाकट्या भावाच्या खोड्यांचं, एका हरवलेल्या शेळीचं.

एका संध्याकाळी बाई आल्या नव्हत्या. आई त्या दिवशी खूप वेळ बोलली. त्याचा हात हातात घेऊन, मध्येच थांबत, मध्येच डोळे पुसत. तो मान डोलावत राहिला. एक अक्षर कळत नव्हतं. उद्या बाईंसमोर पुन्हा सांगायला लावू, असं त्यानं मनाशी ठरवलं.

पहाटे आई गेली.

आईचं दिवसकार्य उरकल्यावर तो बाईंच्या खोलीवर भाषा शिकायला जाऊ लागला. दर रविवारी. बायको आणि मुलगीही बरोबर येत. वर्गात सगळ्यात मागे निवेदकच. मुलगी बाईंशी कोटीवर कोटी करी, आणि याचा घशातला आवाज अजून अडे. पण त्यानं शिकणं नेटानं चालू ठेवलं. शेजारी म्हणत, या वयात कशाला हा उपद्व्याप? तो म्हणे, “या वयात तरी!”

बरीच भाषा अंगवळणी पडल्यावर एक दिवस त्यानं धीर करून विचारलं, “बाई, त्या संध्याकाळचं सगळं विसरलो. एक शब्द तेवढा लक्षात राहिलाय. ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.” आणि त्यानं तो उच्चारून दाखवला.

बाईंनी दोन-तीनदा म्हणायला लावला. जवळचे दुसरे शब्द म्हणून पाहिले. शेवटी त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

“बाळा, असा शब्द नाही आपल्या भाषेत. तू चुकीचं ऐकलंस.”

मुलीनं त्याचा हात धरला, आणि तिघं पायीच घरी निघाली.

वाचकहो, आपल्या शहराच्या विविधतेचा अभिमान आपण सगळेच सांगतो. सांगावाही. पण त्याआधी आपल्या घरात, आपल्या जिन्यात, शेजारच्या टेबलाशी कुणी आपल्यामुळे गप्प बसलं आहे का, एवढं बघावं. असेल तर आजच त्याच्याजवळ बसावं. भाषा पुढे शिकता येते. बोलणारं माणूस वाट बघत थांबत नाही.