खारीमार्फत

शालनबाईंनी चप्पल फेकली ती खारीला, लागली बोक्याला. प्रकार एवढाच. पण गल्लीनं त्याचं काय केलं ते बघण्यासारखं होतं.

चटणीसाठी भाजलेले शेंगदाणे अंगणात सुपात निवत ठेवले होते. दारातल्या लिंबावरची खार रोज त्यात तोंड घालून जायची आणि शालनबाई तिच्या पाळतीवर असायच्या. त्या दिवशी खार खाली उतरली ती जरा रेंगाळतच. शालनबाईंनी नेम धरला, हात सोडला, आणि नेमकी तेव्हाच बोक्यानं पत्र्यावरनं उडी टाकून खारीचा मागचा पाय तोंडात धरला. चप्पल बसली बोक्याच्या टाळक्यात. तो खार टाकून पळाला. समोरच्या कट्ट्यावर केराबाई पालक निवडत बसल्या होत्या. त्यांना दिसलं ते एवढंच, की शालननं बोक्याच्या तोंडातनं मुका जीव सोडवला.

दिवेलागणीला बातमी विहारात पोचली. वंदना झाल्यावर तिथं चारजणींनी शालनबाईंच्या करुणेचं नाव काढलं. एकीनं तर डोळ्याला पदर लावला. शालनबाई खोटं बोलल्या नाहीत. चप्पल कुणाला मारली होती, हे त्यांना कुणी विचारलंच नाही.

आता पंचाईत अशी झाली, की खारीला मरून चालणार नव्हतं. शालनबाईंच्या अंगणात, एवढं कौतुक झाल्यावर, ती मेली असती तर खारीचा जीव आणि शालनबाईंचं नाव एकदमच गेलं असतं. त्यांनी भाजीच्या प्लॅस्टिक क्रेटमध्ये जुनं लुगडं अंथरलं, खारीला त्यात घातलं, वर जाळी बांधली आणि मग पहिल्यांदा तिच्याकडं नीट बघितलं. पाय फाटला होता तो वेगळाच. पण पाठ अर्धी उघडी पडलेली, कातडीला राखेसारखा कोंडा, शेपूट सुतळीसारखं. आणि सारखी आपली खाजवतेय.

"व्हय गं चाने, ही तर खरूज," शालनबाई म्हणाल्या. त्यांच्या माहेरी खारीला चानीच म्हणत. "म्हणून पळता आलं न्हाय व्हय तुला."

त्यांनी करंजाचं तेल गरम करायला ठेवलं, त्यात गंधक आणि कापूर घातला. घरभर वास सुटला. तेवढ्यात सून ड्युटीवरनं आली.

सुनेचं नाव चैताली. ती सरकारी दवाखान्यात नर्स. तिनं वाटी बघितली, क्रेट बघितला, आणि सासूकडं न बघता क्रेटपाशी जाऊन बसली.

"खारूताई," ती खारीला म्हणाली, "हे तेल अंगाला लागलं की तू चाटणार, आणि चाटलंस की मरणार. ज्याला समजायचं त्यानं समजावं."

खारीशी बोलण्याचं कारण असं, की सासूशी तिचा अबोला होता. नवऱ्याच्या चुलतभावाच्या पोराच्या बारशात तिनं चारचौघांत शालनबाईंच्या दंडाला पट्टा बांधून बीपी मोजलं होतं, आकडा मोठ्यानं वाचला होता, आणि जावाजावांच्या पंगतीत त्यांच्या ताटातला पापड उचलून बाजूला ठेवला होता. शालनबाईंच्या मते बाईचं वय आणि बाईचं बीपी चारचौघांत वाचायचं नसतं. त्या दिवसापासनं त्या सुनेशी बोलल्या नाहीत. सूनही हट्टाची. तिला वाटत होतं, आपण एवढी काळजी केली आणि वर आपल्याशीच अबोला. दिपक, म्हणजे शालनबाईंचा एकुलता एक लेक, घरात असला की दोघी त्याच्यामार्फत बोलत. पण दिपक पंपाच्या कंपनीत फिरतीवर. तो नसला की घरात कुकरच्या शिट्टीशिवाय आवाज नसे.

आणि त्यात चैतालीची बदली टेंभुर्णीला झाली होती. रोज एसटीनं जाऊन येऊन ती अर्धी झाली होती. नवराबायकोनं तिथं दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या. दिपकनं हे आईच्या कानावर घातलं तेव्हा शालनबाई म्हणाल्या होत्या, "जावा की. कुणी दाव्याला बांधलंय व्हय?" म्हणताना आवाज अगदी खणखणीत होता. नंतर त्या परड्यात गेल्या आणि धुतलेलीच भांडी परत घासत बसल्या. घरात एकटं राहायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. पण "जाऊ नका" हे शब्द त्या जन्मात कुणाला बोलल्या नव्हत्या, आणि सुनेपासनं सुरुवात करायचा त्यांचा मुळीच विचार नव्हता.

तेल शेवटी मोरीत गेलं. दुसऱ्या दिवशी सासूसून एका रिक्षात, मधे क्रेट, अशा शाकीर डॉक्टरांकडं गेल्या. जनावरांचा हा डॉक्टर तरणा, हसरा, आणि म्हाताऱ्या बायकांना अम्मा म्हणणारा.

"अम्मा, खरूजच आहे," तो खारीला ताजव्यात घालत म्हणाला. "किडा कातडीत घर करून असतो. औषधाचा थेंब मानेमागं सोडायचा, जिथं हिचं तोंड पोचत नाही. आज मी सोडतो, पंधरवड्यानं परत. पायाची जखम मात्र रोज धुवायची, मलम लावायचं. लुगडं रोज बदला, उकळून घ्या. हातमोजे घाला, न्हायतर तुमी पण खाजवत बसाल."

"माझ्या घरात कुणी खाजवत न्हाय," शालनबाई म्हणाल्या.

"आणि पाळायची नाही बरं का. रानचं जनावर आहे. बरी झाली की जिथली तिथं सोडायची."

"पाळतंय कोण? माझ्या दाण्यांची चोरटी हाय ती."

जखम धुणं एकीचं काम नव्हतं. एकीनं टॉवेलात गुंडाळून धरायचं, दुसरीनं पाय बाहेर काढून धुवायचं. शालनबाई धरायच्या, चैताली धुवायची. दोघींच्या टाळक्यात वीतभर अंतर, आणि मधे तोंड काढून बसलेली खार. पहिल्या दिवशी दोघी गप्प होत्या. दुसऱ्या दिवशी शालनबाईंना राहवलं नाही.

"चाने, पाणी लई गार हाय म्हणावं. मुक्या जिवाला काय वाटत न्हाय व्हय?"

"खारूताई, पाणी कोमटच आहे म्हणावं. हातमोजे काढून बघा म्हणावं."

"चाने, सकाळधरनं चहाबी घेतला न्हाय कुणी. आदी चहा घ्या म्हणावं, मग डॉक्टरकी करा."

"चहा कपाटावर झाकून ठेवला तर माणसाला कसा दिसायचा गं, खारूताई?"

"दिसंल की. घरात डोळं उघडं ठिवून वावरलं तर दिसंल."

त्यावर खार शालनबाईंच्या अंगठ्याला चावली. चैताली हसली. ती हसली ते खारीला, असं दोघींनी मनातल्या मनात ठरवून टाकलं.

मग हे रोजचंच झालं. त्या मुक्या जनावराला जखमेपेक्षा बोलण्याचाच त्रास जास्त झाला असेल. भाजीत काय घालू, दळण कुणी आणायचं, दिपकचा फोन आला होता का, टेंभुर्णीच्या गाडीला गर्दी होती का, सगळं खारीला विचारलं जायचं आणि खारीमार्फत उत्तर यायचं. एकदा चैतालीनं तासभर बसून दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टरच्या तक्रारी खारीला सांगितल्या. शालनबाई शेजारी बसून मेथी निवडत होत्या. मेथी केव्हाच संपली होती, तरी त्या काड्यांमधनं पानं शोधत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "चाने, आसल्या बाईला एकदाच तोंडावर ऐकवायचं असतं म्हणावं." चैतालीनं म्हणे दुसऱ्या दिवशी ऐकवलं. त्याचाही सविस्तर वृत्तांत खारीला मिळाला.

पंधरवड्यानंतरचा थेंब पडला. पाठीवर मऊ केस यायला लागले, पायाची जखम सुकली आणि रोजचं धुणं थांबलं. केराबाई रोज बघायला यायच्या आणि म्हणायच्या, "शालन, तुझ्या हाताला गुण हाय बघ."

एका सकाळी शालनबाई मोरीत होत्या. चैताली फोनवर बोलत होती, टेंभुर्णीच्या घरमालकाशी. "नाही हो, खोली सोडायची नाही. फक्त घरात एक खार आजारी आहे... खार हो, खार. तिचं बरं झालं की लगेच सामान घेऊन येतो."

शालनबाई तोंडावर पाण्याचा हबका मारायच्या थांबल्या. खार आजारी आहे तोवर सून जात नाही, ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आली ती तेव्हा.

त्या दिवसापासनं खारीची तब्येत ढासळायला लागली. निदान शालनबाईंच्या सांगण्यावरनं तरी.

"चाने, डाव्या कानामागं अजून कोंडा हाय म्हणावं."

चैतालीनं कान उलटा करून बघितला. "खारूताई, मला तर दिसत नाही."

"डोळं दमल्यावर कसा दिसंल? ऱ्हावू दे म्हणावं."

मग खारीनं खाणं सोडलं. तोंडात कण घेत नाही, असं शालनबाई दिपकला फोनवर सांगायच्या आणि फोन ठेवला की जाळीतनं दाणे सरकवायच्या, तेही खारे नव्हेत, साधे, सोललेले, निवडून घेतलेले. क्रेटवर त्यांनी चादर टाकली. कुणी उघडायला गेलं की म्हणायच्या, उजेड सोसत न्हाय तिला. केराबाईंना तर त्यांनी सांगून टाकलं, "लई वाईट अवस्था हाय. आता जातीय का मग जातीय." आत खार दोन्ही पुढच्या पायांत दाणा धरून गोल गोल फिरवत बसलेली असायची. अंगावर तकतकीत केस, तीन पट्टे लखलखीत, आणि पोट असं, की बसली की पाय दिसत नव्हते. शालनबाईंना तिचा राग येई. आजारी दिसण्याची एवढी एक गोष्ट तिच्याकडनं होत नव्हती.

चैताली घाबरली. इतकी औषधं देऊनही जनावर खात नाही म्हणजे आत काहीतरी बिघडलंय, असं तिला वाटलं. रविवारी तिनं सरळ रिक्षा बोलावली. "खारूताई, डॉक्टरांकडं जायचंय. ज्याला यायचं त्यानं यावं."

न जाऊन सांगता कुणाला? शालनबाई गेल्या.

शाकीर डॉक्टरनं चादर काढली. खारीला ताजव्यात घातलं. ताजव्याकडं बघितलं, मग शालनबाईंकडं.

"अम्मा, हिची खरूज गेली कवाच. पायबी भरून आलाय." त्यानं लुगड्याच्या घडीतनं मूठभर लालसर फोलपटं काढून टेबलावर ठेवली. "आता हिला शेंगदाण्याचा आजार झालाय. अजून आठवडाभर असं चाललं तर झाडावर चढता येणार नाही हिला, आणि त्याला माझ्याकडं औषध नाही. आजच्या आज सोडा."

चैताली फोलपटांकडं बघत होती. शालनबाई भिंतीवरचं म्हशीचं चित्र बघत होत्या.

रिक्षात कुणी खारीशीसुद्धा बोललं नाही.

लिंबाखाली क्रेट ठेवला तेव्हा गल्ली गोळा झालीच. दिपकही घरी होता. केराबाई पुढं येऊन उभ्या. "अगं, मरायला टेकलेली ना ही?" त्या म्हणाल्या.

"टेकली हुती. उठली," शालनबाई म्हणाल्या आणि जाळी सोडली.

खार बाहेर येईना. लुगड्यावर बसून राहिली. इकडं बघ, तिकडं बघ. एखाद्या पोरीला माहेरी चार दिवस जास्त राहायची सवय लागावी तसं तिचं झालं होतं. दिपकनं क्रेट वाकडा केला तर ती कोपऱ्यात दडली.

शालनबाई खाली वाकल्या. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायचा त्यांचा विचार नव्हता, पण त्यांना हळू बोलता येत नव्हतं.

"जा की, बये. बरी झालीस. किती दिवस घेऊन बसू मी तुला? तुझं तिकडं सगळं मांडायचं हाय, ते मांड. मी हाय हितं. म्या काय मरत न्हाय."

चैताली त्यांच्यामागं उभी होती. तिनं तोंड उघडलं, खारीला काहीतरी सांगायला. तेवढ्यात खार सुटली. क्रेटच्या काठावरनं शालनबाईंच्या पायावर, पायावरनं बुंध्यावर. जरा धापा टाकत, मधेच थांबत, पण चढली. वरच्या फांदीला गेली आणि दिसेनाशी झाली.

लोक पांगले. केराबाईही गेल्या. दिपक क्रेट धुवायला घेऊन गेला. लिंबाखाली दोघी राहिल्या, आणि मधे बोलायला कुणी नव्हतं.

शालनबाईंनी पदर झटकला. वर बघितलं. खाकरल्या.

"टेंभुर्णीला पाणी कसं हाय?" त्यांनी विचारलं. झाडाला विचारलं असं म्हणायची अजून सोय होती. पण त्यांनी मान वळवली आणि सरळ सुनेकडं बघितलं. "तुला विचारतीय, चैताली."

"क्षाराचं आहे, आत्या."

"मग डाळ शिजायची न्हाय."

"कुकर आहे की."

"कुकरला काय कळतंय? मला येऊन बघायला पायजे. चार दिवस. तुझी भांडी लावून दिली की मी माघारी. तितं ऱ्हायला म्या काय रिकामी न्हाय."

"तुम्हाला कुणी थांबवलंय का?" चैताली म्हणाली. मग हळूच म्हणाली, "या."

पुढच्या रविवारी टेम्पो निघाला. पुढं ड्रायव्हर आणि दिपक, मागच्या सीटवर सासूसून. वाटेतलं मोहोळ गाव यायच्या आत शालनबाईंनी न पाहिलेल्या स्वयंपाकघराची मांडणी तीनदा ठरवली आणि चैतालीनं तिन्ही वेळा नको म्हणून सांगितलं. सरळ, तोंडावर. शेगडी खिडकीपाशी, सून म्हणे. मसाल्याचा डबा खालच्या फळीवर, म्हणे.

"खालच्या फळीवर मसाला? कंबर कुणाची मोडायची?" शालनबाईंनी विचारलं.

"माझीच. स्वयंपाक मीच करणार आहे."

"मग मी काय तितं देखाव्याला चाललीय?"

दिपकनं पुढं बसल्या बसल्या डोळे मिटून घेतले. त्याला आता अबोल्याचे दिवस बरे वाटत होते. मागं शालनबाई सुनेवर लई भडकल्या होत्या आणि थांबायचं नाव घेत नव्हत्या.