डावी बाजू शिवबाईंची

किण्.

काचेच्या काकणाचा आवाज होता तो. चौदा वर्षं झाली, पण अजून माझ्या आत कुठंतरी तो आहे. शिवबाईंनी पदराच्या टोकानं मला पहिल्यांदा पुसलं, तेव्हा त्यांचं काकण माझ्यावर हलकेच आपटलं. त्यांनी पटकन हात मागं घेतला आणि मला लागलं की काय अशा नजरेनं बघितलं. आरशाला लागत नाही. पण तोवर तसं बघितलंही नव्हतं कुणी.

मी मोटारीचा आरसा बोलतोय. बाहेरचा, डाव्या अंगाचा. आता मोटारीवर नाही. सोलापुरात, होटगी रोडच्या आतल्या एका गल्लीत, रुद्रप्पांच्या अंगणात पाण्याच्या टाकीला टेकून कट्ट्यावर बसलोय. वरच्या कोपऱ्यातून निघालेला तडा खालपर्यंत आलाय. त्यामुळं मला एका माणसाची दोन माणसं दिसतात. दमलोय मी. सावकाश सांगतो, तुम्हीही सावकाश ऐका.

कारखान्याचं मला फार आठवत नाही. लांब पत्र्याचं छत होतं आणि आम्हा शेकडो भावांच्या पोटात तेच एक छत दिसत होतं. माझ्या जोडीचा उजवा आरसा माझ्याबरोबरच त्या गाडीवर चढला. सगळा जन्म आम्ही एकाच गाडीवर काढला, पण एकमेकांना कधी बघितलं नाही. मध्ये गाडी होती ना. परवा शनिवारी पहिल्यांदा आम्ही शेजारी आलो. त्याला तडा नाही. तो फारसा बोलतही नाही.

पहिला मालक नातेपुत्याचा एक आडत्या. बाजारात कुणी धक्का देईल म्हणून तो आम्हा दोघांना कायम दुमडून ठेवायचा. गाडी चालवतानाही दुमडलेलेच. मिटल्या आरशाला काय दिसणार? दाराची काच आणि त्या काचेत मीच. दोन वर्षं मी स्वतःलाच बघत काढली. मग रुद्रप्पांनी गाडी घेतली.

रुद्रप्पा मालगाडीचे ड्रायव्हर. तेव्हा नुकतेच रिटायर झाले होते. होटगी जंक्शनवरून किती सिमेंट आणि किती कोळसा त्यांनी ओढून नेला असेल, त्याची गणतीच नाही. इंजिनात दोन माणसं असतात. एक ड्रायव्हर, एक त्याचा जोडीदार. पलीकडची बाजू जोडीदाराची. त्यानं सिग्नल बघून मोठ्यानं सांगायचं, "हिरवा." मग ड्रायव्हरनंही मोठ्यानं म्हणायचं, "हिरवा." दोघांच्या तोंडून निघाला की तो सिग्नल खरा. छत्तीस वर्षं हाच नियम पाळलेला माणूस मोटारीत बसला, तर तो डावीकडं कशाला बघेल?

पहिल्याच दिवशी त्यांनी आतली छोटी काडी फिरवून मला शिवबाईंच्या जागेवरून मागचा रस्ता दिसेल असा बसवला. त्यांच्या स्वतःच्या जागेवरून माझ्यात फक्त कडेच्या बाभळी पळताना दिसायच्या.

"अगं, डावी बाजू तुझी," ते म्हणाले. "तू सांगशील तसं."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"मागून कोन येत असलं तर थांबा म्हन. न्हाई तर जा म्हन. एवढंच काम हाय."

शिवबाईंचं माहेर कानडी. घाईत त्यांच्या तोंडून कानडीच यायचं. थांबा म्हणायचं असलं की "तडीरी". जा म्हणायचं असलं की "होगरी". त्या म्हणायच्या, "होगरी." रुद्रप्पा समोर बघत तितक्याच मोठ्यानं म्हणायचे, "होगरी." आणि मगच स्टिअरिंग फिरायचं. मागं बसलेला त्यांचा मुलगा नंदीश कॉलेजच्या दिवसांत हसून हसून आडवा व्हायचा. "अव्वा, हिरवा बावटा पण आणू का तुला?"

"आन की," शिवबाई म्हणायच्या. "शिट्टी पण आन."

दर गुरुवारी दोघं होटगीला जायची. तिथं शिवबाईंची थोरली बहीण अंबुबाई एकटी राहते. तिच्यासाठी डब्यात भाजी, शेंगाचटणी, कधी औषधं. निघण्याआधी शिवबाई मला पुसायच्या, माझ्यात बघून कपाळावरची विभूती सारखी करायच्या आणि मग आत बसायच्या. बसल्या की पाठ ताठ. कामावर रुजू झालेल्या माणसासारख्या. चौदा वर्षांत माझ्यात फार माणसांनी बघितलं. कुणी केस सारखे केले, कुणी दातातला कण काढला. पण कामासाठी माझ्यात बघणारं माणूस एकच होतं.

मग गेल्या वर्षी काहीतरी झालं. शिवबाई मला दोनदा पुसू लागल्या. मग तीनदा. काचेवर तोंडानं वाफ सोडायच्या, पदरानं घासायच्या, पुन्हा बघायच्या. "काच धुरकट झालीया की ओ," एकदा म्हणाल्या. रुद्रप्पांनी उतरून बघितलं. मी लख्ख होतो. ते म्हणाले, "धूळ असंल." शिवबाईंनी आणखी एकदा पुसलं आणि त्यानंतर पुन्हा तसं कधी म्हणाल्या नाहीत.

मला कळलं होतं. माणसाचे डोळे माझ्याइतक्या जवळून कुणी बघत नाही. त्यांच्या बुबुळांवर ताकासारखा पांढरा रंग चढत होता. रस्ता माझ्यात होता, पण त्या त्याच्या जरा बाजूला बघत होत्या. तरी "होगरी" तितक्याच ठणठणीत आवाजात यायचं. मोटारीचा आवाज कानानं ओळखून, अंदाजानं, त्या सांगत राहिल्या. सांगितलं असतं तर डावी बाजू गेली असती. घरातली बाकीची कामं मोलकरीण, मिक्सर, वॉशिंग मशीन यांनी एकेक करून नेली होती. हे एकच उरलं होतं.

मला तोंड असतं तर मी बोललो असतो का? ठाऊक नाही.

श्रावणातला गुरुवार. होटगीहून परतताना आपल्या गल्लीत डावीकडं वळायचं होतं. मागं ट्रक होता, त्याचा घरघराट मोठा. त्या घरघराटाआड एक दूधवाला मोटारसायकलवर कडेकडेनं पुढं येत होता. माझ्यात तो स्पष्ट होता, दोन्ही बाजूंच्या कॅनसकट.

"होगरी," शिवबाई म्हणाल्या.

"होगरी," रुद्रप्पा म्हणाले. आणि वळले.

त्याचं हँडल माझ्यावर बसलं. मी मागं दुमडलो आणि मला तडा गेला. दूधवाला पडला, कोपर सोलवटलं, दूध रस्त्यावर. तो उठला आणि ओरडला, "आजोबा, आरसा कशाला लावलाय? भांग पाडायला?"

लोक जमले. रुद्रप्पा खाली उतरले, त्याला हात देऊन बाजूला बसवलं, पाणी पाजलं आणि म्हणाले, "माझं चुकलं बाबा. मी बघितलं न्हाई."

शिवबाई गाडीतच होत्या. दोन्ही हात मांडीवर. तडकलेल्या माझ्यात मला चार हात दिसत होते, पदराच्या टोकाशी चाळा करणारे.

बातमी पुण्याला नंदीशकडं पोचली. फोन मोठ्या आवाजावर असतो, अंगणातही ऐकू येतं. "अप्पा, आता बास. चौऱ्याहत्तरीला आलात. तुम्हाला दिसत नाही, हे मान्य करा. गाडी मी घेऊन जाणार."

"आरं, नवे आरसे बसवतो. इंडिकेटर असतोय त्यात. वळताना मागच्याला दिवा दिसंल."

"मागच्याला दिसून काय उपयोग? तुम्हाला दिसायला पाहिजे ना!"

"मग होटगीला कसं जायाचं? तुझ्या अव्वाला वडापच्या जीपमदी कोंबू?"

"रविवारी येतो. किल्ली तयार ठेवा." फोन बंद झाला.

तरी रुद्रप्पांनी आरसे आणलेच. शनिवारी सकाळी, उन्हं अंगणात यायच्या आधी, ते पोतं अंथरून बसले. शिवबाईंनी गॅरेजवाल्याला बोलवा म्हटलं तर म्हणाले, "इंजिन उघडलंय म्या. हे दार काय मोठं!" दाराच्या आतलं पॅड काढलं, कोपऱ्यातलं तिकोनी झाकण काढलं, दहाच्या पान्यानं तीन नट सोडवले. शेवटचा नट निघाला तसा मी त्यांच्या तळहातावर आलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला माझं वजन कळलं. त्यांनी मला अंगठ्यानं पुसलं आणि इथं कट्ट्यावर, गाडीकडं तोंड करून ठेवलं.

नव्या आरशाला दोन वायरी होत्या. एक दाराच्या रबरी नळीतून आत ओढून बाजूच्या इंडिकेटरच्या वायरीला जोडायची, दुसरी काळी, ती गाडीच्या पत्र्याला. ती रबरी नळी लई हट्टी. तासभर त्यांनी तिच्याशी झटापट केली. बोटं सोलली. शिवबाई शेजारी पाटावर बसून स्क्रू वाटीत धरून होत्या.

"आता बघ गं, लागतो का दिवा." रुद्रप्पांनी आत बसून इंडिकेटर लावला.

"न्हाई."

ते बाहेर आले, काळी वायर बघितली, कपाळावर हात मारला. रंगावरच बसवली होती. ब्लेडनं रंग खरवडला, पत्रा उघडा केला, पुन्हा बसवली, पुन्हा आत गेले.

"लागला!" शिवबाई एकदम उभ्या राहिल्या. "लागला की ओ! पिवळा!"

"पिवळा!" आतून रुद्रप्पा ओरडले.

किती दिवसांनी त्यांना काहीतरी स्वच्छ दिसलं होतं. त्या हात पुढं करून त्या उघडझाप करणाऱ्या उजेडाशी उभ्या राहिल्या. मला राग यायला हवा होता त्या नव्याचा. नाही आला.

उठताना वाटी कलंडली होती. एक स्क्रू फरशीवर पडला होता, त्यांच्या पायाजवळ, वीतभर अंतरावर, उन्हात चमकत. शिवबाई वाकल्या आणि बोटांनी फरशी चाचपू लागल्या. स्क्रूच्या अलीकडं. मग पलीकडं. रुद्रप्पा गाडीतून उतरत होते, ते थबकले. एक पाय बाहेर, एक आत. बघत राहिले. मग हळूच पुढं आले आणि पायाच्या अंगठ्यानं तो स्क्रू त्यांच्या बोटांखाली सरकवला.

"सापडला की," शिवबाई म्हणाल्या.

"सापडला," रुद्रप्पा म्हणाले.

उजवा आरसा बसवून झाल्यावर ते आपल्या जागेवर बसले. डाव्या नव्या आरशाची काडी बराच वेळ फिरवत होते. शिवबाई नेहमीसारख्या शेजारी येऊन बसल्या, पाठ ताठ केली, आरशाकडं तोंड केलं.

"दिसतंय की. लखलखीत. सगळा रस्ता दिसतोय."

मी कट्ट्यावरून बघत होतो. नवा आरसा रुद्रप्पांच्या जागेकडं वळवलेला होता. शिवबाईंच्या जागेवरून त्यात दाराची मूठ सोडून काही दिसणं शक्य नव्हतं.

"बरं झालं," रुद्रप्पा म्हणाले.

रविवारी नंदीश आला. चहा घेतला, अंगणात आला, नवे आरसे बघितले. "छान बसवलेत, अप्पा. पण माझं मत तेच आहे. किल्ली."

रुद्रप्पांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला.

"एकदा खरं सांगा. त्या दिवशी डाव्या आरशात बघितलं होतं?"

"न्हाई बघितलं."

खोटं ते बोलले नाहीत. चौदा वर्षांत त्यांनी कधीच बघितलं नव्हतं.

"बघा! दूधवाला वाचला म्हणून. उद्या एखादं लेकरू असेल." नंदीशनं हात पुढं केला. रुद्रप्पांनी किल्ली त्यावर ठेवली. खाली बघतच ठेवली. अंबुबाईचा डबा ओट्यावर उपडा होता.

शिवबाई दारात उभ्या होत्या. त्या पायरी उतरल्या. भिंतीला हात लावत, टाकीला हात लावत कट्ट्यापाशी आल्या. हात फिरत फिरत माझ्यावर आला.

किण्.

त्यांनी मला उचललं, छातीशी धरलं आणि मुलासमोर नेलं.

"ह्यो माझ्याकडं होता रे," त्या म्हणाल्या. "तुझ्या अप्पाकडं कधीच नव्हता. त्या दिवशी होगरी मी म्हनले. मला दूधवाला दिसला न्हाई. वरीस झालं, मला ह्यात काईच दिसत न्हाई."

"अव्वा, काय बोलतेस?"

"माझ्या डोळ्यात बघ की."

नंदीशनं बघितलं. वाकून, जवळून. इतक्या जवळून त्यानं आईकडं कधी बघितलं होतं कुणास ठाऊक. मग तो वडिलांकडं वळला. "तुम्हाला माहीत होतं?"

"काल कळलं. स्क्रू पडला तवा."

"मग आत्ता किल्ली का दिलीत? सांगायचं नाही का मला?"

रुद्रप्पा शिवबाईंकडं बघत होते. "सांगितलं असतं, तर हिनं पुन्यांदा होगरी म्हनलं नसतं."

"मग आता कोन म्हननार?" शिवबाईंनी विचारलं. आवाज लहान झाला होता. "आता मी गाडीत बसून करू काय?"

"ऑपरेशन करू की गं. पंधरा दिवसांचा परश्न हाय. तवर मी बघतो. आजपातूर म्या कदी बघितलं न्हाई, ही माझी बी चूक हाय. मोटार म्हंजे इंजिन न्हवं. पन डावी बाजू तुझीच."

माझं काय, मी आता भंगारात जाईन. जाऊ दे. पुष्कळ रस्ता बघून झाला. एकच सांगावंसं वाटतं. तुमच्या शेजारी बसून कुणी तुमच्यासाठी बघत असेल, तर त्याचा शब्द नुसता परत म्हणू नका. अधूनमधून त्याच्या तोंडाकडंही बघा.

शिवबाईंनी मला पुन्हा कट्ट्यावर, माझ्या उजव्या भावाशेजारी ठेवलं. नंदीश गाडीचं डावं दार उघडून आईच्या जागेवर बसला. नव्या आरशाकडं बघत राहिला. त्यात त्याला दाराची मूठ दिसत असणार, आणि मुठीपलीकडं काही नाही. मग त्यानं हात लांब करून ती छोटी काडी शोधली आणि ती इकडं तिकडं फिरवून बघितली. थोड्या वेळानं पुन्हा होती तशी, वडिलांच्या बाजूला केली.

तो खाली उतरला. किल्ली माझ्याशेजारी कट्ट्यावर ठेवली. तडकलेल्या काचेत मला दोन नंदीश दिसले. दोघंही ओट्याकडं गेले, अंबुबाईचा उपडा डबा सुलटा केला आणि आत निघून गेले.