आडवा ओरखडा

"कसला वास येतोय?" मुलीने विचारलं.

"रंग जळतोय, दुसरं काय!" पॉलिशमास्तरांनी हीट गन थोडी पुढे सरकवली.

टेबलावर आवळून बसवलेल्या गिटारच्या धडावरचा काळा रंग फुगून वर येत होता. त्याखाली पोलादी पत्ती सारली की लांबच लांब साल निघे. तारा, दांडा, स्क्रू सगळं आधीच सोडवून डब्यात ठेवलेलं होतं.

"रंगाचा नाही हा वास. बाबा, बोट!"

मास्तरांनी खाली पाहिलं. डाव्या हाताची तर्जनी तापलेल्या पत्तीवर टेकलेली होती. त्यांनी हात झटकन मागे घेतला आणि मग "आई गं" म्हणाले. आधी पाहिलं, मग ओरडले. हा क्रम मुलीच्या नजरेतून सुटला नाही.

"चाळीस वर्षं थिनरमध्ये हात घातले की कातडं होतं बुटासारखं," ते हसून म्हणाले आणि बोटाला फडकं गुंडाळलं.

मुलगी हसली नाही.

मास्तरांचं नाव चालायचं ते बोटांवर. लाकडावरून डोळे मिटून हात फिरवायचे आणि सांगायचे, इथे एकशेवीस नंबरच्या पॉलिशपेपरचा ओरखडा राहिलाय, इथे दाब जास्त पडलाय. शेजारचा सुतार गिऱ्हाइकांना सांगे, "मास्तरांच्या बोटांना डोळे आहेत." मुलगी बारा वर्षं त्यांच्या हाताखाली घासत होती. तिच्या प्रत्येक कामावरून तो हात फिरे आणि निकाल दोन शब्दांत लागे. "परत घास" किंवा "स्टेन मार".

गेले आठ महिने त्या बोटांना काही कळत नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं, साखरेनं नसा गेल्या, परत यायच्या नाहीत. मास्तरांनी कागद घडी करून पाकिटात ठेवला. बायकोला एवढंच ठाऊक की हा माणूस हल्ली शर्टाची बटणं आरशासमोर उभं राहून लावतो. दुकानात त्यांनी डोळ्यांचं निमित्त सांगून एक दिवा आणला होता. तो टेबलाच्या कडेला खाली, तिरका लावायचा. तिरक्या उजेडात ओरखड्याची सावली पडते. हात लाकडावर फिरायचा, काम डोळे करायचे. कळलं असतं तर हे दुकान उद्यापासून कुणाच्या शब्दावर चालणार होतं?

आणि त्यात हे गिटार. शाळेत गिटार शिकवणाऱ्या बाई ते घेऊन आल्या होत्या. काळा रंग नको, आतलं लाकूड दिसलं पाहिजे, वर लाकडात मुरणारा गडद तांबडा स्टेन.

"बाई, रंग पांघरूण घालतो, स्टेन चुगली करतो," मास्तरांनी तेव्हाच बजावलं होतं. "एक ओरखडा राहिला तर तोच आधी रंग पितो."

"म्हणून तर तुमच्याकडे आणलंय, काका. शनिवारी चारला येते. रविवारी वाजवायचंय."

रंग सोमवारी निघाला. मंगळवार-बुधवार मुलीने घासलं. लाकडी ठोकळ्याला पेपर गुंडाळून, लाकडाच्या रेषेच्या दिशेने. आधी सगळ्यात खरखरीत ऐंशी नंबर, मग एकशेवीस, एकशेऐंशी, शेवटी बारीक दोनशेवीस. दांड्याच्या दोन्ही बाजूंना पुढे आलेल्या गिटारच्या शिंगांच्या आतल्या वळणांत ठोकळा पोचत नाही, तिथे तिने रबरी नळीच्या तुकड्याला पेपर लावला. दोघं कामापुरतंच बोलत होते.

गुरुवारी सकाळी मास्तर आले तेव्हा धड पालथं ठेवलेलं होतं. त्यांनी सवयीने दिव्याचं बटण दाबलं. उजेड पडला नाही.

"बल्ब गेलाय," मुलगी म्हणाली.

"काल तर होता."

"आज नाहीये. तुमच्या बोटांना कशाला हवाय बल्ब?"

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. ती डब्याचं झाकण पुसत होती. बाहेरचा उजेड सरळ वरून पडत होता. त्यात सगळं लाकूड सारखंच दिसतं. त्यांनी तळवा टेकवला. गोधडीवरून हात फिरवावा तसं वाटलं. कडेपासून मध्यापर्यंत, मध्यापासून शिंगापर्यंत. कान देऊन ऐकलं. मान तिरकी करून पाहिलं.

"ठीक आहे. स्टेन मार."

"नक्की?"

हा शब्द त्यांना या दुकानात कुणी विचारला नव्हता. "नक्की म्हणजे काय? मी सांगतोय ना!"

मुलीने फडकं पाण्यात बुडवलं, पिळलं आणि पाठीवरून एकदा ओढलं. ओल्या लाकडाच्या मधोमध, रेषा कापत गेलेला वीतभर आडवा ओरखडा काळा उठला.

"ऐंशीच्या पेपरनं ओढलाय. मीच, आज सकाळी. रस्त्यावरच्या माणसाच्याही हाताला लागला असता."

तिने खिशातून बल्ब काढून टेबलावर ठेवला. तो घरंगळत गेला आणि गिटारच्या धडाला टेकून थांबला.

"कधीपासून?"

"आठ महिने."

"म्हणजे ते जेवणाचं टेबल..." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "स्टेन मारल्यावर ओरखडे दिसले म्हणून परत आलं ते. तुम्ही हात फिरवून पास केलं होतंत. आणि सुतारकाकांसमोर मला म्हणालात, तुझ्या हातात माती आहे. मी घासणं सोडणार होते, बाबा. शिवणाचे क्लास बघून आले होते."

"मग काय म्हणायचं होतं मी? मास्तरची बोटं मेली?"

"मला म्हणायचं. मी काय दवंडी पिटणार होते?"

मास्तर स्टुलावर बसले. जळलेल्या बोटावरचं फडकं सुटून लोंबत होतं, त्याची त्यांना जाणीव नव्हती.

"आता?" त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"पाठ एकशेवीसपासून परत. दुपारपर्यंत होईल." तिने ठोकळा उचलला, बल्ब फिरवून दिव्यात बसवला. थोड्या वेळाने मागे कागद फाटल्याचा आवाज झाला. मास्तर पेपरच्या पट्ट्या फाडून, नंबर वर येईल अशा, तिच्या उजव्या हाताशी मांडत होते. बारा वर्षं हे काम तिचं होतं.

शनिवारी चारला बाई आल्या तेव्हा सुतार चहा पीत बसला होता. दांडा आणि तारा परत बसवून गिटार खिडकीपाशी ठेवलेलं होतं. तांबड्या स्टेनखाली लाकडाच्या रेषा पाण्यासारख्या हलत होत्या.

"अगं बाई!" बाई म्हणाल्या. "हे सगळं त्या काळ्याखाली होतं?"

"होणारच की," सुतार म्हणाला. "मास्तरांच्या बोटांना डोळे आहेत, बाई."

"घासलंय हिनं," मास्तर म्हणाले. "तपासलंय हिनंच." मग सुताराकडे वळले. "आणि ते जेवणाचं टेबल मी पास केलं होतं. माती माझ्या हातात होती."

सुताराचा कप ओठांपाशी थांबला. थट्टेत काहीतरी बोलायला त्याने तोंड उघडलं, मुलीकडे पाहिलं आणि चहा पिऊन टाकला.

बाईंना यातलं काही कळलं नाही. "ते असू दे. पण काका, तुमचा हात फिरल्याशिवाय मी नेणार नाही. सगळे सांगतात तुमचं."

मास्तर उठले. त्यांनी तळवा टेकवला आणि नेहमीच्या चालीने फिरवला, वरच्या शिंगापासून खालच्या वळणापर्यंत, जितका वेळ लागायचा तितकाच वेळ. मग मान वर करून मुलीकडे पाहिलं.

तिने पापण्या एकदा मिटून उघडल्या.

"झालंय," मास्तर म्हणाले. "न्या."