राखीव जागेचा रकाना

साहेबांनी चार वाजता बैठक बोलावली होती, आणि जनरेटरवाल्या काकांची नोकरी बहुधा सव्वाचारला जाणार होती.

सोमवारी रुग्णवाहिकांना पत्ते पाठवणारा मोठा कॉम्प्युटर अचानक बंद पडला. अकरा मिनिटं एकही गाडी हलली नाही. साहेबांचं म्हणणं, काकांनी चुकून वीज तोडली. काका सांगत होते, "कॉम्प्युटरच्या खोलीत गेलो होतो, पण स्विचला हात लावला नाही." त्यांच्याविरुद्ध पुरावा होता तो सगळ्या कॉम्प्युटरांची माहिती ठेवणाऱ्या आकडेबाईंचा तक्ता. अशा कॉम्प्युटरमध्ये थोडी मेमरी राखीव ठेवतात. आतल्या बिघाडानं तो कोसळला, तर काय झालं याची नोंद त्या जागेच्या जोरावर मागे उरते. तक्त्यात या कॉम्प्युटरसमोर ५१२ एमबी लिहिलं होतं. जागा होती, तरी नोंद नाही, म्हणजे वीजच गेली. हातच्या काकणाला आरसा कशाला?

आकडेबाई नाकावर माशी बसू देत नसत. सकाळीच त्यांनी सुनावलं होतं, "काका, कबूल करून मोकळे व्हा. आकडे खोटं बोलत नाहीत."

साडेतीनला साहेबांसाठी तक्ता छापताना बाईंनी सहज त्या कॉम्प्युटरलाच थेट विचारलं, राखीव जागा किती? उत्तर आलं, शून्य. पुन्हा विचारलं. शून्य. जुन्या नोंदी उघडल्या, तर बसवल्या दिवसापासून शून्यच. जुन्या बनावटीच्या यंत्रांत तक्ता भरणारा बाईंचा प्रोग्राम प्रत्यक्ष मिळालेली जागा वाचायचा. ही नवी बनावट वेगळी, इथे तो मागितलेली जागा वाचत होता. मागितलं ५१२, मिळालं काहीच नाही. बिघाड झाला असता तरी नोंद उरलीच नसती.

अशी नवी यंत्रं चाळीस होती, आणि दोन वर्षं तक्ता बाईंच्या सहीनं वर जात होता. गप्प बसलं तर कुणाला कळणार नव्हतं. आणि काकांनी खरंच वीज तोडली असेल तर? मन फार हुशार वकील असतं. पण चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची, आणि दोर आपण वळायचा? बाईंना स्वतःची लाज वाटली.

बैठकीत साहेबांनी काकांपुढे राजीनाम्याचा कागद सरकवला. काकांनी किल्ल्यांचा जुडगा आधीच टेबलावर ठेवला होता. त्यांनी पेन उघडलं.

"साहेब, सही घेऊ नका," बाई म्हणाल्या. "माझा तक्ता चुकलाय. त्या यंत्रात राखीव जागा नव्हतीच."

"म्हणजे यांनी वीज तोडली नाही?"

"ते मला माहीत नाही. आता कुणालाच कळायचं नाही. जागा आहे असं मी दोन वर्षं खोटं लिहीत होते."

साहेबांनी राजीनाम्याचा कागद मागे ओढला. "तुमचं उद्या बघू," ते बाईंना म्हणाले.

काका जुडगा उचलून बाहेर पडले. बाई मागोमाग गेल्या. "काका, माझं चुकलं."

काका थांबले, पण वळले नाहीत. "मी स्विचला हात लावला नव्हता, बाई. आता तरी पटतंय?"

"हो," बाई म्हणाल्या. या वेळी त्यांच्या हातात एकही आकडा नव्हता.