तिसऱ्यांदा आपटलेलं विमान

"बाबा, डावीकडे कलतंय!"

"दिसतंय मला. तू गप्प बस."

पडद्यावरची धावपट्टी अंगावर येत होती आणि जॉयस्टिकवर बाबांचा उजवा हात थरथरत होता. त्यांनी डाव्या हातानं उजव्याचं मनगट धरलं. विमान जरा सरळ झालं, पुन्हा कललं आणि धाडकन आपटलं. खाली लाल अक्षरं उमटली. या महिन्यातलं हे तिसरं.

"झालं," बाबा म्हणाले, आणि त्यांनी हात उचलून मांडीवर ठेवला.

तसं हे सगळंच खोटं. विमान खोटं, प्रवासी खोटे, कंपनीसुद्धा खोटी. गावोगावची हौशी माणसं आपापल्या घरी कॉम्प्युटरसमोर बसून ती चालवतात. नियम मात्र खऱ्या कंपनीला लाजवतील असे. दिवे लावायला विसरलात, गुण कापले. वेग वाढला, गुण कापले. महिन्यात तीनदा विमान आपटलं तर मोठं विमान काढून घेतात. कॉम्प्युटर बिघडला असेल किंवा तब्येतीचं कारण असेल तर सवलत मिळते, पण ते सुनावणीत सगळ्यांच्या कानावर घालावं लागतं. माझा नवरा याला नसती उठाठेव म्हणतो. बाबांसमोर म्हणायची त्याची छाती नाही.

बाबांनी जन्मभर बंदरावर क्रेन चालवली. भलामोठा कंटेनर ते अंडं ठेवावं तसा जहाजावर टेकवायचे. मग अर्धांगाचा झटका आला. जीभ तेवढी शाबूत राहिली, उजव्या हातापायातलं निम्मं बळ गेलं ते गेलंच. तेव्हापासून घरात आम्ही सगळे फार गोड झालो. पेला पडला, असू दे बाबा. सदऱ्याची बटणं खालीवर लागली, असू दे बाबा. ते मोठं विमान मात्र त्यांनी वर्षभर खपून, गुणाला गुण जोडून मिळवलं होतं. ते असं जाऊ द्यायला मी तयार नव्हते.

"सुनावणीत सांगून टाका," मी म्हटलं. "नियमातच आहे. भीक नाही मागत आपण."

"नाही सांगायचं."

"अहो, विमान जाईल!"

"जाऊ दे."

"मग मी सांगते."

त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. एका पायानं वळवायला वेळ लागला, पण मला मदत करू दिली नाही.

"त्या लोकांना ठाऊक नाही गं," ते म्हणाले. "साऱ्या जगात तेवढ्या एकाच ठिकाणी ठाऊक नाही."

पण हट्टी बापाची मी हट्टी मुलगी. मी स्टूल ओढून मायक्रोफोनच्या जवळच बसले.

संध्याकाळी कॉम्प्युटरवरच सुनावणी सुरू झाली. कंपनीचा चीफ म्हणजे कुठल्याशा गावचा बेकरीवाला. त्याच्या आवाजामागे पत्र्याचे ट्रे आदळत होते. बाकीची पाचसहा माणसं नुसती ऐकत होती.

"कॅप्टन, तीन वेळा?" चीफ म्हणाला. "वारा होता का?"

"नव्हता."

"कॉम्प्युटर अडकला?"

"नाही."

"मग तब्येत वगैरे? तसं असेल तर सांगा, सवलत आहे. लाजू नका."

मी मायक्रोफोनकडे वाकले. एकच वाक्य, आणि विमान वाचणार होतं. ते माझ्या ओठांवर आलंही. पण मग पुढच्या खेपेपासून हा चीफ काय म्हणणार, तेही मला ऐकू आलं: असू दे कॅप्टन. मी दातांखाली ओठ धरला.

"तब्येत ठणठणीत आहे," बाबा म्हणाले. "कारण काही नाही. माझी चूक."

चीफ असा काही भडकला!

"चूक? मग डोळे मिटून उतरता की काय? मागे माणसं बसलीत का बटाट्याची पोती? नवी पोरं तुमचं बघून शिकतात, आणि तुम्ही असे? शोभतं का हे तुम्हाला?"

"नाही शोभत."

"उद्यापासून लहान विमान! आधी ते नीट उतरवून दाखवा, मग मोठ्याचं नाव काढा. तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती, स्पष्ट सांगतो."

माझं डोकं फिरलं. कोण हा पाव भाजणारा, माझ्या बापाला बोलणारा! चांगले दोन शब्द ऐकवावेत म्हणून मी बाबांकडे पाहिलं. ते ताठ बसले होते. कान लाल झाले होते, खालमानेनं एकेक शब्द ऐकत होते, आणि खरं सांगते, चेहऱ्यावरून दिसत होतं, बरं वाटत होतं त्यांना. झटक्यानंतर त्यांच्यावर कुणी रागावलंच नव्हतं.

चीफचं चालूच होतं. मला ऐकवेना. मी आवाज कमी करायला हात पुढे केला.

बाबांनी उजव्या हातानं, त्या थरथरत्या हातानं, माझा हात बाजूला सारला.

"बोलू दे त्याला," ते हळूच म्हणाले.