टोकाला टोक

टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला तेव्हा मंजुषा भाकरी थापत होती. परातीतला गोळा तसाच सोडून ती पिठाच्या हातांनीच फाटकाकडं पळाली. टेम्पोत लाकडी फळ्यांच्या खोक्यात बांधलेलं तिचं लाकूड कातायचं लेथ मशीन आलं होतं.

"साहेब हायत का घरात? सही लागंल," टेम्पोवाला म्हणाला.

"मी करते की. माझ्याच नावानं आलंय ते."

"तसं न्हाई ताई, मशीन हाय. साहेबांना बोलवा."

तिचे यजमान महादेवप्पा नुकतीच पूजा आटोपून, कपाळाला विभूती लावून बाहेर आले होते. त्यांनी कागद न वाचता सही ठोकली, "आलं का तुझं ते?" एवढं म्हणाले आणि आत गेले. टेम्पोवाल्यानं खोकं फाटकाबाहेर नालीच्या काठावर उतरवलं. आत आणून देण्याचं बोलणं झालेलं नाही म्हणाला आणि गाडी वळवून निघून गेला. चुलीवर तव्यातली भाकरी करपल्याचा वास यायला लागला होता.

पन्नाशीला टेकलेल्या मंजुषानं उदगीरच्या एका शाळेत अर्धं आयुष्य चित्रकला शिकवली होती. शाळेनं चित्रकलेचे तास कमी करत करत शेवटी बंदच केले तेव्हा ती घरी बसली. घरात करण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. महादेवप्पांचं मोंढ्यात भुसार मालाचं दुकान, ते सकाळी जायचे ते दिवेलागणीला यायचे. मुलगी शिल्पा नोकरीला बंगळूरला. तिच्याकडं गेली असताना एकदा दोघी जवळच्या चन्नपट्टणला लाखेची खेळणी बघायला गेल्या. तिथं एक बाई मशीनपुढं उभी राहून गरगर फिरणाऱ्या लाकडाला पटाशी लावत होती. लाकडाची साल लांबच लांब सुटून तिच्या पदरावर पडत होती, आणि बघता बघता चौकोनी तुकड्याचा सुबक गोल डबा झाला. शिल्पा "आई, चल ना" म्हणून कंटाळली, पण मंजुषाचा पाय तिथून निघेना. पुढच्या उन्हाळ्यात लेकीकडं मुक्काम ठोकून तिनं रोज बसनं चन्नपट्टण गाठलं आणि ते काम शिकून घेतलं. तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच होतं. घरामागच्या पत्र्याच्या खोलीतली जुनी पोती आणि मोडकी स्कूटर काढायची, आणि तिथं आपलं लेथ बसवायचं.

खोली तिनं रिकामी केली, भिंतींना चुना मारला. मशीनही आलं. आता बसवायचं तेवढं राहिलं होतं, असं तिला वाटत होतं.

संध्याकाळी मल्लिनाथ आला. मल्लिनाथ म्हणजे तिचा धाकटा दीर. त्याचं मोटारपंपांचं दुकान होतं, आणि जगातल्या कुठल्याही यंत्राचं त्याला सगळं कळतं असं त्याचं स्वतःचं मत होतं. मनानं मात्र माणूस सोन्यासारखा. वहिनीचं मशीन आलंय कळताच दुकानातली दोन माणसं आणि एक छोटा हत्ती टेम्पो घेऊन तो हजर झाला. गाडीत एक लोखंडी टेबल होतं.

"वैनी, बघा! तुमच्यासाठी बनवून घेतलं. जाड पत्रा, चारी पाय अँगलचे. हत्ती नाचवा ह्याच्यावर."

टेबलाला हिरवा ऑइलपेंट होता आणि पुढच्या बाजूला पांढऱ्या अक्षरांत 'सौ. मंजुषा' असं लिहून घेतलेलं होतं.  मंजुषाला बरं वाटलं, पण टेबल तिच्या कमरेच्या बरंच वर होतं.

"भाऊजी, लई भारी केलंत. पण उंच होतंय हो. लाकूड फिरतं ते कोपराच्या पातळीला यावं लागतं. हे तर माझ्या छातीला येईल."

"मंग पायाखाली पाट घ्या की."

"पाटावर उभं राहून पटाशी धरायची? पाय घसरला तर?"

"वैनी, मी साठ फूट विहिरीत मोटारी सोडून राहिलो. हे तर खेळणं हाय. तुम्ही चहा टाका बघू."

तिनं सोबत आलेलं माहितीचं पुस्तक पुढं केलं. आधी वाचू, मग बसवू, असं तिचं म्हणणं. मल्लिनाथनं ते हातातही घेतलं नाही. ती चहा घेऊन येईपर्यंत मशीन टेबलावर चढलं होतं, टेबलाला भोकं पडली होती, आणि मल्लिनाथ हातभर लांबीच्या पान्यानं, दात-ओठ खाऊन बोल्ट आवळत होता.

"आता हालून दाखव म्हणावं!" तो म्हणाला आणि त्यानं बटण दाबलं.

मशीन फिरलं, आणि टेबल चालायला लागलं. थरथरत, खडखडत, दाराच्या दिशेनं. दुकानातल्या दोघांपैकी एकजण चहाचा कप घेऊन बाहेर पळाला. मल्लिनाथनं बटण बंद केलं, टेबल मागं ढकललं, पायांवर वाळूची पोती ठेवली. पुन्हा चालू केलं. आता टेबल जागेवर उभं राहून थरथरत होतं, एवढाच काय तो फरक.

मंजुषा वाकून दुसरंच काहीतरी बघत होती. ह्या मशीनला दोन टोकं असतात. डावीकडचं मोटारीनं फिरतं, उजवीकडचं पुढंमागं सरकतं, आणि लाकूड त्या दोघांच्या चिमटीत धरायचं. उजवं टोक सरकवत डाव्याला भिडवलं तर सुईला सुई लागावी तशी दोन्ही बरोबर भिडली पाहिजेत. ती भिडत नव्हती. एक खाली होतं, एक बाजूला.

"भाऊजी, टोकं जुळंना गेलीत."

"चायना माल! दुसरं काय." मल्लिनाथनं हात झटकले. "उद्या रबरी पॅड पाठवतो. पॅड घातलं की सगळं बेस होतंय."

त्या उद्याचा पुढं परवा झाला आणि परवाचा पुढचा सोमवार. मंजुषा फोन करायची. "आत्ता निघून राहिलो वैनी," तो म्हणायचा, पण त्याला नेमकं कुठल्यातरी विहिरीवर जावं लागायचं. तिनं एकदा पाटावर उभं राहून कडुलिंबाचा तुकडा फिरवायचा प्रयत्न केला. पटाशी टेकवली तेव्हा दात वाजावेत तसे तिचे हात वाजले. तिनं मशीन बंद केलं आणि पाट लाथेनं भिंतीकडं सरकवला. आयुष्यात पहिल्यांदाच ती कुठल्या पाटाला लाथ मारत होती.

"परत पाठवून दे," महादेवप्पा जेवताना म्हणाले. "नसती कटकट. शिवणाचं मशीन घे, न्हाईतर आपलं वाचन कर."

"मशीन चांगलं आहे हो."

"तुला काय माहीत?"

तो प्रश्न तिला सगळ्यात जास्त लागला.

दुसऱ्या दिवशी, नवरा दुकानात गेल्यावर, तिनं बोल्ट खोलायला घेतले. मल्लिनाथनं आवळलेले ते बोल्ट! पाना घसरला, बोटांची सालटी निघाली. हळद लावली, चिंधी बांधली. मग अंगणातला नळाचा जुना पाइप पान्यावर चढवला आणि त्यावर सगळं अंग टाकलं. पहिला बोल्ट कर्र करून सुटला. बाकीचेही एकेक करून सुटले. शेवटचा सुटला तसा मशीनचा एक कोपरा टेबलावरून आपोआप वर उचलला गेला.

ती थबकली. तिनं उजवं टोक हळूच पुढं सरकवलं. सरकवत सरकवत डाव्यापर्यंत नेलं. टोकाला टोक भिडलं. केसाचंही अंतर नाही.

तिनं लोखंडी पट्टी आणली आणि टेबलाच्या पत्र्यावर कडेवर आडवी टेकवली. पट्टीखालून मधोमध उजेड दिसत होता. पत्राच खोलगट होता. वाकड्या पत्र्यावर मशीन आवळलं तसं मशीनही पिळवटलं होतं. इतके दिवस सगळे त्याच्या नावानं बोटं मोडत होते, आणि त्या बिचाऱ्याची काही चूकच नव्हती. मंजुषा तिथंच फरशीवर बसली. आनंदानं हसावं की त्या हिरव्या टेबलावर डोकं आपटावं, तिला कळेना.

तिनं मल्लिनाथला फोन करून बोलावलं. या खेपेला तो लगेच आला. तिनं पट्टी धरून दाखवली. त्यानं वाकून पाहिलं, पट्टी हातात घेऊन फिरवून पाहिली, पुन्हा धरली.

"वेल्डिंगच्या गरमीनं येतंच की थोडं," तो म्हणाला.

"थोडं न्हाई भाऊजी. पट्टीखालनं बोट जातंय. आणि उंचीचं तर मी पहिल्याच दिवशी म्हणाले होते."

"म्हंजे टेबल बेकार हाय म्हणा की सरळ."

"मी तसं कुठं म्हणाले? पण ह्याच्यावर काम होणार न्हाई."

 मल्लिनाथनं त्या पांढऱ्या अक्षरांवरून एकदा अंगठा फिरवला आणि चहा न घेता निघून गेला. दर सोमवारी तो थोरल्या भावाकडं जेवायला असायचा. त्या सोमवारी आला नाही.

"दुखावलंस त्याला," महादेवप्पा म्हणाले. "एवढ्या हौसेनं बनवलं होतं त्यानं."

"आणि मी? मी दुखावले न्हाई का? घरातल्या प्रत्येकानं माझं मशीन बघितलं, मला कुणी विचारलं का तुला काय पाहिजे म्हणून?"

महादेवप्पांनी ताटातली भाकरी मोडली आणि तशीच हातात धरून ठेवली. त्यांना एवढ्या आवाजात बोलणारी मंजुषा माहीत नव्हती.

मग तिनं लाकडी बाक करून घ्यायचं ठरवलं. बाभळीच्या जाड फळ्या आरा गिरणीतून स्वतः निवडून आणल्या. सुतार आज येतो, उद्या येतो करत एकदाचा आला, तो नेमका ती बाजारात गेली असताना. परत येऊन बघते तर बाक तयार! भक्कम, सपाट, जराही हलत नव्हता. आणि पुन्हा तिच्या छातीशी.

"माप कुणाचं घेतलंत?" तिनं विचारलं.

"साहेबांचं," सुतार म्हणाला. "कोपराचं माप लागतंय म्हणाले, मंग त्यांचंच घेतलं."

मंजुषानं दाराच्या चौकटीला हात टेकला. महादेवप्पा ओसरीवर उभे होते. बायकोला मदत करावी म्हणून दुकान सोडून ते सुतारापाशी थांबले होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर कौतुकाची वाट बघणारं हसू होतं. ते हसू हळूहळू मावळलं.

"चुकलं का काही?" त्यांनी विचारलं.

 सुतार गेल्यावर तिनं बाकाचे पाय कापायला करवत काढली. बाभूळ ती, दगडासारखी. दर दहा हातांनी थांबावं लागे. घामानं चष्मा घसरत होता. महादेवप्पा पुढं आले आणि बाकाचा पाय दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरला. "तू सांग, किती धरू," एवढंच म्हणाले. दोघांनी मिळून चारही पाय कापले. तरीही एक पाय नखभर कमी भरला आणि बाक डुगडुगायला लागला. मंजुषाच्या तोंडून शाळेत कधी न उच्चारलेला शब्द बाहेर पडला. महादेवप्पा आधी दचकले, मग खो खो हसत सुटले. तिला हसू येत नव्हतं. तिनं लाकडाची पाचर ठोकली, पाणसळ ठेवून बघितली, आणखी ठोकली. बुडबुडा मधोमध आला. मशीन चढवलं, बोल्ट बेताचे आवळले, टोकं भिडवून बघितली. भिडली.

तिनं बटण दाबलं. मोटार नुसतीच हुंऽऽ करत राहिली, फिरेना. संध्याकाळची वेळ, अख्ख्या गल्लीत दिवे लागलेले. व्होल्टेजच नव्हतं.

"आता हे!" ती म्हणाली आणि तशीच आत जाऊन आडवी झाली.

सकाळी गल्ली उठायच्या आत तिनं पुन्हा बटण दाबलं. मोटार सुरकन फिरली. बाक जागचा हलला नाही. तिनं तोंडावर संरक्षणाचा पारदर्शक टोप चढवला, कडुलिंबाचा तुकडा दोन्ही टोकांत धरला आणि गोल पटाशी टेकवली. पहिल्याच झटक्याला पटाशी अडकली, तुकडा निसटून छपराच्या पत्र्यावर बंदुकीच्या गोळीसारखा आदळला.  ती मशीन बंद करून भिंतीला टेकून उभी राहिली.  मग तिनं नवा तुकडा घेतला, वेग कमी केला, पटाशीचा दांडा खाली दाबून धरला, आणि हलकेच, लाकडाला नुसतं विचारावं तशी धार पुढं नेली. साल सुटली. तुटक, खरबरीत, चन्नपट्टणच्या बाईसारखी लांब नाही. पण सुटली.

दारात सावली पडली. मल्लिनाथ उभा होता. पहाटेच कुठल्यातरी विहिरीवर जाताना आवाज ऐकून आला असावा. किती वेळ उभा होता कोण जाणे.

"हलत न्हाई?" त्यानं विचारलं.

"न्हाई."

तो दोन पावलं आत आला, मान वाकडी करून मशीनचा आवाज ऐकू लागला. "बेल्ट जरासा ढिला वाटून राहिला," म्हणत त्याचा हात झाकणाकडं गेला.

"भाऊजी, हात लावू नका."

हात हवेतच थांबला. मग त्यानं तो सावकाश मागं घेतला आणि दोन्ही हात पाठीमागं बांधले.  मंजुषालाच ते अवघड वाटलं. पण बोललेले शब्द तिला मागं घ्यायचे नव्हते.

"संध्याकाळी व्होल्टेज मिळंना हो," ती म्हणाली. "मोटार नुसती गुरगुरती. तुमच्याकडं एखादा स्टॅबिलायझर हाय का?"

मल्लिनाथचा चेहरा उजळला. "हाय की! किती हॉर्सपॉवरची मोटार हाय? थांबा, सांगू नका…" आणि मग स्वतःलाच आवरून म्हणाला, "न्हाई, सांगा. तुम्हीच सांगा."

तिनं सांगितलं. त्यानं ते मोबाइलमध्ये टिपून घेतलं, पुन्हा वाचून दाखवलं, आणि चहा पिऊन गेला.

स्टॅबिलायझर खरंच दुसऱ्याच दिवशी आला. चांगला जड, नवाकोरा. मंजुषानं तो बाकाशेजारी ठेवला, वायर उलगडली आणि प्लग भिंतीला लावायला गेली. प्लगच्या पिना अंगठ्याएवढ्या जाड होत्या, आणि भिंतीवरचं सॉकेट बारीक पिनांचं.

ती त्या प्लगकडं बघत राहिली. मग कपाळावरचा घाम पदरानं पुसून तिनं मेन स्विच बंद केला आणि सॉकेट खोलण्यासाठी स्क्रू-ड्रायव्हर शोधायला लागली.